‘नक्की’, ‘खचित’, ‘निश्चित’ : ज्ञानाचा निश्चय आणि मनाचा निश्चय

‘तो येईल’ आणि ‘तो नक्की येईल’ या दोन वाक्यांपैकी अधिक निश्चित विधान कोणते? व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. ‘नक्की’ हे निश्चयदर्शक क्रियाविशेषण. ते जोडले की क्रियापदाने सांगितलेल्या घटनेविषयीचा संशय फिटतो. भाषेचा प्रत्यक्ष व्यवहार मात्र उलटी साक्ष देतो. ज्याच्या येण्याविषयी कोणाच्याच मनात शंका नाही त्याच्याबद्दल मराठी माणूस ‘नक्की’ म्हणत नाही. वेल्ह्याच्या घाटमाथ्यावर आषाढात पाऊस पडतो, एवढेच म्हटले जाते. ‘आषाढात पाऊस नक्की पडतो’ असे कोणी म्हणाला तर ऐकणाऱ्याला वाटेल, की यंदा आभाळाची लक्षणे काही वेगळी दिसत आहेत आणि हा गृहस्थ स्वतःचीच समजूत घालतो आहे. संशयाची चाहूल लागल्याशिवाय निश्चयाचे अव्यय वाक्यात येत नाही. ते संशय घालवते की नाही हा पुढचा प्रश्न. त्याची वर्दी मात्र ते देतेच.

‘नक्की’च्या उपयोजनाचे थोडे निरीक्षण केले तर हे अधिक स्पष्ट होते. भोरच्या एसटी स्थानकावर ‘गाडी नक्की किती वाजता आहे?’ असे जेव्हा विचारले जाते, तेव्हा त्या वाक्यात निश्चयाचा अंशही नसतो; असते ती निश्चयाची मागणी. ‘घरात नक्की कोणीतरी असेल’ या वाक्यात तर निश्चयाचे अव्यय आणि अनिश्चयाचे क्रियापद एकाच दावणीला बांधलेले आहेत, आणि मराठी कानाला त्यात काही विसंगत वाटत नाही. येथे ‘नक्की’ने सांगितला जातो तो अनुमानाचा जोर, माहिती सांगितली जात नाही. डोळ्यांसमोरच्या गोष्टीला हे अव्यय लागतच नाही. समोर बसलेल्या माणसाविषयी ‘तो नक्की बसला आहे’ असे म्हणता येत नाही. तसे म्हणायला आधी कोणीतरी ‘नाही’ म्हणावे लागते. आणि मग आमंत्रणाचे ‘नक्की या हं!’ व त्याचे उत्तर ‘नक्की!’ या जोडीतल्या दुसऱ्या ‘नक्की’ला दोन्ही पक्ष किती किंमत देतात, हे सांगण्याची गरज नाही.

‘खचित’ची गोष्ट निराळी आहे. हा शब्द प्रश्नात शिरत नाही. ‘खचित काय झाले?’ असे मराठीत होत नाही. ‘नक्की’ बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये ये-जा करतो. ‘खचित’ कायम सांगणाऱ्याच्या बाजूला उभा राहतो. त्यामुळेच तो बोलीतून लवकर हटला आणि ग्रंथात, विशेषतः एकोणिसाव्या शतकातील उपदेशपर गद्यात, स्थिरावला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या प्रचलित मराठी भाषांतरात मुळातल्या ‘आमेन’ शब्दाच्या जोडीसाठी ‘खचित’चीच द्विरुक्ती योजलेली आहे. ही निवड मोठी मार्मिक म्हटली पाहिजे. ‘आमेन’ ज्या इब्री धातूवरून येतो त्याचा अर्थ स्थिर असणे, पक्के असणे. आणि संस्कृतात ‘खचित’ म्हणजे जडवलेले, घट्ट बसवलेले, जसे रत्नखचित. मराठी अव्यय या संस्कृत शब्दाशी जोडले तर दोन्हीकडे कल्पना एकच दिसते: जे हलत नाही ते खरे. ‘ठाम’च्या मुळाशी ‘स्था’ आहे. ‘ध्रुव’ हा हलत नाही म्हणून ध्रुव, आणि संस्कृतात ‘ध्रुवम्’ म्हणजे खात्रीने. ‘पक्के’ हे शिजलेले, भाजलेले, म्हणून आकार न सोडणारे. आपल्या निश्चयवाचक शब्दांचा बराचसा भरणा असा घट्टपणाच्या अनुभवातून आलेला आहे. सह्याद्रीत राहणाऱ्या भाषेने त्याला स्वतःची जोड दिली ती ‘काळ्या दगडावरची रेघ’ या वाक्प्रचाराने. तोरणा आणि राजगड ज्या दगडाचे आहेत, तोच हा दगड.

परंतु घट्टपणा आणि खरेपणा या दोन वस्तू एक नव्हेत, आणि येथेच या शब्दांच्या अर्थातील खरी अडचण सुरू होते. ‘निश्चय’ या एका नामात मराठीने दोन अर्थ साठवले आहेत. एक, एखादी गोष्ट अमुक अशीच आहे हे ज्ञान. दुसरा, एखादी गोष्ट अमुक अशीच करीन हा संकल्प. पहिला ज्ञानाचा निश्चय, दुसरा मनाचा. क्रियाविशेषणे पाहिली तर ‘निश्चयाने’, ‘ठामपणे’, ‘निक्षून’ ही मनाच्या बाजूला पडतात. ‘त्याने निक्षून सांगितले’ या वाक्यावरून सांगणाऱ्याचा करडेपणा कळतो. सांगितलेली गोष्ट खरी होती की नाही, यावर ते वाक्य मौन पाळते. ठामपणे खोटेही बोलता येते, किंबहुना ते ठामपणेच बोलावे लागते. ‘निःसंशय’, ‘खात्रीने’ ही ज्ञानाच्या बाजूची. आणि ‘नक्की’, ‘खचित’, ‘निश्चित’ हे तीन शब्द दोन्ही घरचे पाहुणे. ‘मी नक्की येईन’ हा संकल्प. ‘तो नक्की आला असणार’ हे अनुमान. शब्द एकच असल्यामुळे संकल्पाचा जोर अनुमानाला उसना मिळतो, आणि हे उसने कोणाच्या ध्यानातही येत नाही.

(या शब्दांतील ‘अलबत’, ‘बेशक’, ‘जरूर’, ‘खास’, ‘हमखास’ आणि ‘खात्री’सुद्धा फारसी-अरबीतून आलेले आहेत. सतराव्या शतकापासून मराठी पत्रव्यवहारातील फारसी शब्दांचे प्रमाण उत्तरोत्तर घटत गेले हे राजवाड्यांनी दाखवून दिलेच आहे. पण दरबारी नामे गेली तरी खात्री देणारे हे शब्द मागे राहिले. त्यांपैकी ‘अलबत’ तेवढा आता नाटकाबाहेर क्वचित ऐकू येतो.)

बोली या गुंत्यातून आपल्यापुरती वाट काढते. मावळातला शेतकरी ‘येनारच की’ म्हणतो तेव्हा सगळा भार ‘च’वर असतो. प्राचीन मराठीतील ‘चि’चा हा वारस कोणत्याही शब्दाला चिकटू शकतो आणि नेमके कशाविषयी खात्री आहे ते दाखवतो: ‘तो आजच येणार’, ‘तोच आज येणार’, ‘तो आज येणारच’. ‘नक्की’ला हे जमत नाही, तो सगळ्या वाक्यावर एकच चादर पांघरतो. आणि ‘च’नेही भागले नाही की बोली अव्ययाचा नाद सोडून ‘आईच्यान’ म्हणते. आता बोलणारा केवळ बोलत नाही, तो काहीतरी गहाण ठेवतो. खरेपणाचा पुरावा त्याच्याजवळ नाही, पण खोटे ठरलो तर काय जाईल ते त्याने सांगितलेले आहे.

ही दोन घरे वेगळी ठेवणारे गद्य मराठीत होते, आणि त्याचे उत्तम नमुने याच परिसरातून, रोहिडखोऱ्यातून, मिळाले हा योगायोग लक्षणीय आहे. भोर तालुक्यातील कारी येथील जेधे देशमुखांच्या दप्तरातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. शके १५४० ते १६१९, म्हणजे इसवी सन १६१८ ते १६९७ या काळातील घटना तीत नोंदवलेल्या आहेत. ती चर्चेत आली ती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीमुळे. तोपर्यंत बखरींच्या आधाराने शके १५४९ वैशाख शुद्ध द्वितीया (१६२७) ही तिथी रूढ होती. शकावलीने शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया (१९ फेब्रुवारी १६३०) दिली. पुढे सदाशिव महादेव दिवेकरांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’त आणि राजस्थानातील एका संग्रहात सापडलेल्या जन्मपत्रिकेतही हीच तिथी आढळली.

इतिहासकारांच्या दृष्टीने महत्त्व तिथीचे. गद्याच्या अभ्यासकाने पाहावी ती नोंदीची घडण. संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, घटिका आणि पळे, आणि शेवटी एक साधे भूतकाळी क्रियापद. निश्चयाच्या अव्ययाला येथे जागाच नाही, कारण त्याचे काम वाराने आणि नक्षत्राने केलेले आहे. तिथी आणि वार जुळतात की नाही हे कोणीही गणित करून पाहू शकतो. म्हणजे नोंद स्वतःला खोटे ठरवण्याची सोय वाचकाच्या हाती देते. याहून महत्त्वाचे असे, की शकावलीतील सगळ्याच नोंदी इतक्या भरगच्च नाहीत. कोठे तिथी आहे, कोठे नुसता महिना. जेवढे ठाऊक तेवढे लिहिले, उरलेले कोरे सोडले. माहितीतील उणीव जोर देऊन भरून काढण्याचा मोह या लेखणीला झालेला नाही. साधारण त्याच सुमारास, जिंजीला राजारामाच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर लिहिली. तिची शैली कितीतरी पटींनी जिवंत आहे, प्रसंग उभे करण्याची तिची ताकद शकावलीत औषधालाही नाही. पण तारखा तीत फारच थोड्या, आणि घटनांचा क्रमही जागोजाग सुटलेला. वाचक बखरीवर विश्वास ठेवतो तो सांगणाऱ्याच्या आवाजामुळे.

अर्थात कोरडेपणा हे सत्याचे प्रमाणपत्र नव्हे. शकावलीतील आरंभीच्या नोंदी त्या त्या दिवशी झालेल्या नाहीत. त्या मागाहून, कोणत्यातरी टिपणांवरून, संकलित झाल्या असल्या पाहिजेत. कोरड्या शैलीतही चूक बेमालूम लपते, कदाचित अधिकच. तरीही फरक राहतो. शकावलीची चूक दाखवता येते. ‘खचित’ची चूक दाखवता येत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखे काही सांगितलेलेच नसते.

जन्मतिथीच्या वादाचा पुढचा इतिहास ‘निश्चित’ या शब्दाच्या दुहेरीपणाचा इतिहास म्हणूनही वाचता येतो. १९६६ मध्ये राज्य शासनाने तिथी ‘निश्चित करण्यासाठी’ तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात एकमत झाले नाही. २००१ मध्ये शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. आता ‘तारीख निश्चित केली’ याचा अर्थ काय? लग्नाची तारीख निश्चित करतात तेव्हा ती ठरवतात. तशी ती आधी कोठे अस्तित्वात नसते. जन्माची तारीख निश्चित करायची म्हणजे शोधून काढायची. ती आधीच घडून गेलेली असते. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. तेथे ‘नाव निश्चित झाले’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण नाव ठरवूनच निश्चित होते. संशोधक निश्चित करतो ते शोधून, शासन निश्चित करते ते ठरवून. एकाच क्रियापदात दोन्ही बसत असल्यामुळे ठरवलेल्याला शोधलेल्याची प्रतिष्ठा मिळते आणि शोधलेल्याला ठरवलेल्याचा संशय चिकटतो. शासनाने स्वीकारलेली तारीख संशोधनाच्याही बाजूची होती, हा या प्रकरणातला भाग्ययोग. मात्र वर्ष एक झाले तरी उत्सव ‘तारखेप्रमाणे’ आणि ‘तिथीप्रमाणे’ असे दोन राहिले, आणि ही दोन नवी क्रियाविशेषणे मराठीत रूढ होऊन बसली.

मनाच्या निश्चयाचे गद्य पाहायचे तर त्याच जेध्यांच्या करीन्याकडे वळावे लागते. प्रसंग सर्वांच्या माहितीचा आहे. अफजलखान चालून आला; आदिलशहाचे १६ जून १६५९ चे फर्मान कान्होजी जेध्यांना मिळाले; शेजारचे उत्रवळीचे खोपडे खानाला जाऊन मिळाले. कान्होजी मुलांना घेऊन शिवाजीराजांकडे गेले. राजांनी त्यांच्यापुढे वतन जाण्याचा धोका ठेवला, आणि कान्होजींनी वतनाचे पाणी सोडले. मी ठामपणे तुमच्या बाजूचा आहे, या विधानाला येथे अव्ययाची गरज पडलेली नाही. हातावरून सोडलेले पाणी हेच त्या वाक्याचे क्रियाविशेषण. आजच्या मराठीत ‘पाणी सोडणे’ म्हणजे आशा सोडणे एवढाच अर्थ उरला आहे. त्यामागचा संकल्प विरून गेला. परंतु करीना वाचताना जाणवते ते हे, की निश्चयाची किंमत तेथे मोजून सांगितलेली आहे: वतन. शकावलीत ज्ञानाचा निश्चय तिथीने तोलला, करीन्यात मनाचा निश्चय वतनाने. दोन्ही एकाच घराण्याच्या दप्तरात आहेत आणि त्यांची कोठेही सरमिसळ नाही.

सरमिसळ झाली ती नंतरच्या वाचनात, आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण रोहिडखोऱ्याच्याच एका पत्राचे आहे. दादाजी नरसप्रभू देशपांडे यांना १६४५ मध्ये लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेल्या या पत्राचा रायरेश्वरावरील शपथेच्या परंपरेशी संबंध जोडला जातो. त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद क्षणभर बाजूला ठेवून केवळ पाठ पाहिला, तरी एक गोष्ट नजरेत भरते. राज्य व्हावे या ईश्वरी मनोगताविषयीच्या त्या विख्यात वाक्यात निश्चयाचे कोणतेही अव्यय नाही. तेथे आहे ‘फार’. ‘फार’ हे प्रमाणाचे क्रियाविशेषण. ते मनातल्या ओढीची तीव्रता सांगते. एखादी गोष्ट कोणाच्या मनात फार आहे, याचा अर्थ ती घडणारच असा होत नाही. तिच्यासाठी माणसाला खटपट करावी लागेल, असाच त्याचा रोख राहतो. आणि पत्रलेखकाला अभिप्रेत आहे तेही तेच, कारण पत्र एका घाबरलेल्या माणसाला धीर देण्यासाठी आहे.

लोकांच्या तोंडी मात्र हे वाक्य वेगळ्या रूपात रुळले. ‘मनात’ गेले, तेथे ‘इच्छा’ आली; ‘फार’ गेला आणि त्याच्या जागी ‘ही तो’ किंवा ‘ही तर’ असा निश्चयदर्शक निपात बसला. तीव्रता सांगणारे वाक्य तादात्म्य सांगणारे झाले: अमुक म्हणजेच तमुक. बदल एवढासा, पण त्याने वाक्याचा काळच फिरवला. मूळ पाठात पुढे काय होईल ते माहीत नसलेला एक तरुण बोलतो; रूढ पाठात राज्याभिषेक होऊन गेलेला आहे आणि बोलणाऱ्याला शेवट ठाऊक आहे. ज्याला शेवट ठाऊक आहे त्याच्या निश्चयात धाडस कोठून येणार? रूढ पाठ अधिक ठाशीव आहे, घोषणेला सोयीचा आहे यात शंका नाही. साहित्य म्हणून मात्र ‘फार’चा पाठ कितीतरी सरस आहे.

या परिसराविषयीच्या नंतरच्या लेखनात हाच कल दिसतो. तोरणा कोणत्या वर्षी घेतला याविषयी वेगवेगळ्या ग्रंथांत वेगवेगळी वर्षे आढळतात. तेथे धन सापडले आणि ते राजगडाच्या बांधणीस लागले, ही कथा परंपरेने सांगितलेली आहे. कादंबरीकाराला यातले एक वर्ष आणि एक कथा निवडावीच लागते. तो त्याचा अधिकार आहे, आणि ‘श्रीमान योगी’ला जोडलेल्या दीर्घ पत्रात नरहर कुरुंदकरांनी पुरावा आणि कादंबरी यांच्या या नात्याची मोठ्या गांभीर्याने चर्चा केलेली आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा निवड केल्याची खूण पुसून तेथे ‘निश्चितपणे’ हा शब्द लिहिला जातो. ‘मी हे वर्ष धरतो’ हे प्रामाणिक वाक्य आहे. ‘निश्चितपणे याच वर्षी’ या वाक्यात धरणारा नाहीसा होतो आणि धरलेले तेवढे उरते.

समीक्षेने याबाबत इतिहासलेखनाकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. ‘ही कादंबरी निश्चितच महत्त्वाची आहे’ हे वाक्य मराठी परीक्षणांत बहुधा तेथेच येते, जेथे कारणे संपलेली असतात. त्याचा दुसरा अवतार सवलतीचा: ‘मर्यादा निश्चितच आहेत, तथापि’. येथे ‘निश्चितच’ हा शब्द मर्यादांना दारापर्यंत पोचवून येतो. ‘तथापि’नंतर त्यांची आठवण कोणी काढत नाही. विवेचनात निश्चयाच्या शब्दांना बंदी करावी असे नाही. खूप पुरावा तपासून झाल्यावर आलेले एखादे ‘निःसंशय’ वाचकाला आधार देते, आणि त्याची गरजही असते. पण त्याचे बळ आधीच्या पानांतून येते, स्वतःचे त्याला नसते.

एक साधी चाचणी करून पाहण्यासारखी आहे. दादाजी नरसप्रभूंचे पत्र ‘निःसंशय अस्सल’ आहे, किंवा ‘निःसंशय बनावट’ आहे, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते अव्यय खोडून वाक्य पुन्हा वाचावे. पत्र अस्सल आहे. पत्र बनावट आहे. दोन्ही वाक्ये एकदम उघडी पडतात, आणि मिती, शिक्का, भाषा, त्यातील संज्ञांचा काळ यांविषयीचे ‘कशावरून?’ हे प्रश्न, जे अव्यय असताना कोणी विचारले नव्हते, ते ताबडतोब पुढे येतात.